डीपफेक व्हिडिओ: चेहऱ्याची कोणती हालचाल तपासावी आणि तिच्यावर किती विसंबावे

प्रश्न असा आहे की, व्हॉट्सॲपवरून किंवा समाजमाध्यमांतून आलेला एखादा व्हिडिओ डीपफेक, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेने चेहरा किंवा आवाज बदलून बनवलेला बनावट व्हिडिओ, आहे की नाही, हे त्यातील चेहऱ्याच्या अनैसर्गिक हालचालींवरून ओळखता येते का, आणि येत असेल तर नेमके काय पाहावे.

अनेकदा ओळखता येते. मात्र "चेहरा जरा विचित्र वाटतो" एवढ्या भावनेवर निष्कर्ष काढू नये. बोलणाऱ्या माणसाचे ओठ, जबडा, गाल, भुवया, मान, श्वास आणि आवाज हे सगळे एकाच वेळी, एकाच हेतूने हलत असतात आणि एकमेकांना बांधलेले असतात. बनावट चित्रफितीत यांपैकी काही भाग एका ठिकाणाहून आलेले असतात, तर काही दुसऱ्या ठिकाणाहून. दृक्‌श्राव्य पुराव्यांची तपासणी हा माझा व्यवसाय आहे आणि या कामात मी जे शोधतो ते एवढेच: हे दोन उगम कोणत्या चौकटीत (व्हिडिओ ज्या स्थिर चित्रांचा बनतो त्यांतल्या एका चित्रात, म्हणजे फ्रेममध्ये), कोणत्या अक्षराला एकमेकांपासून सुटतात. जागा दाखवता आली, तर त्याला निरीक्षण म्हणता येते. दाखवता आली नाही, तर तो केवळ संशय राहतो.

म्हणून पहिला प्रश्न "हे खोटे दिसते का" असा नसावा, तर "हे खोटे असेल तर कोणत्या प्रकारे केलेले असेल" असा असावा. कारण प्रत्येक प्रकारात हालचालीचा दोष वेगळ्या जागी पडतो, आणि चुकीच्या जागी शोधणाऱ्याला तो कधीच सापडत नाही.

पहिला प्रकार चेहरा बदलण्याचा. नोव्हेंबर 2023 मध्ये रश्मिका मंदाना यांच्या नावाने पसरलेला लिफ्टमधला व्हिडिओ या प्रकारचा होता. मूळ व्हिडिओ दुसऱ्याच एका तरुणीचा होता आणि तिच्या चेहऱ्यावर या अभिनेत्रीचा चेहरा बसवलेला होता. अशा चित्रफितीत पापण्या लवणे, हसणे, मान वळवणे या सगळ्या हालचाली खऱ्या माणसाच्याच असतात. फक्त त्यांच्यावर चढवलेली त्वचा आणि नाकडोळे दुसऱ्याचे असतात. त्यामुळे हालचाल अनैसर्गिक आहे का, एवढेच येथे पाहत बसलो तर काहीच हाती लागत नाही. दोष दिसतो तो चढवलेला चेहरा क्षणभर निसटतो तेथे. त्या व्हिडिओत ती तरुणी लिफ्टच्या दारातून आत येते, त्या सुरुवातीच्या क्षणी मूळ चेहरा दिसतो आणि लगेच बदलतो. चौकट थांबवून पाहणाऱ्यांच्या हे लक्षात आले. चेहरा चौकटीत शिरताना, पूर्ण बाजूला वळताना, किंवा हात, केस, ओढणी चेहऱ्यावरून जाताना संगणकाला चेहऱ्याचे बिंदू नीट सापडत नाहीत आणि मुखवटा थरथरतो किंवा नाहीसा होतो. आपल्याकडच्या चित्रफितींत नथ ही यासाठी फार उपयोगी वस्तू आहे. ती वरच्या ओठावर येते, बोलताना हलते आणि ओठाचा काही भाग झाकते. बनावट चेहऱ्यात ती मधेच त्वचेत विरते किंवा तिचा आकडा काही चौकटींपुरता तुटतो. झुमक्यांचेही तसेच: डोके थांबल्यावरही लोंबते दागिने थोडा वेळ डुलत राहिले पाहिजेत.

दुसरा प्रकार फक्त ओठ आणि आवाज बदलण्याचा, आणि फसवणुकीसाठी सध्या सर्वांत जास्त वापरला जाणारा प्रकार माझ्या मते हाच आहे. जानेवारी 2024 मध्ये सचिन तेंडुलकर एका गेमिंग ॲपची भलामण करत असल्याचा व्हिडिओ फिरला. तो बनावट असल्याचे त्यांनी स्वतः जाहीर केले आणि मुंबईत सायबर पोलिसांनी गुन्हा नोंदवला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये राष्ट्रीय शेअर बाजाराला आपले प्रमुख आशिषकुमार चौहान यांच्या बनावट व्हिडिओंबद्दल गुंतवणूकदारांना सावध करावे लागले, कारण त्यांत ते विशिष्ट शेअर सुचवताना दिसत होते. अशा व्हिडिओंत माणूस खरा असतो, खोली खरी असते, डोळे आणि हात खरे असतात. खोटे असते ते नाकाखालचे चित्र आणि कानावर पडणारे शब्द.

यामागचे तंत्र समजून घेतले तर काय पाहायचे ते आपोआप कळते. 2020 मध्ये हैदराबादच्या ट्रिपल आयटी या माहिती तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी वाव्ह-टू-लिप नावाची पद्धत प्रसिद्ध केली. कोणत्याही भाषेतला आवाज दिला की, कोणत्याही माणसाच्या ओठांची हालचाल ती त्या आवाजाशी जुळवून देते. हेतू चांगला होता: भाषांतरित व्याख्याने आणि चित्रपट पाहताना ओठ जुळावेत. ही पद्धत चेहरा 96 गुणिले 96 पिक्सेल एवढ्या लहान चौकोनात तयार करते. मूळ व्हिडिओत चेहरा चारशे पिक्सेल रुंद असेल, तर तो लहान चौकोन ताणून वर बसवावा लागतो. परिणामी कपाळावरच्या सुरकुत्या, भुवयांचे केस स्पष्ट आणि हनुवटी, दात, मिशी मात्र साबणाने पुसल्यासारखी, असे चित्र मिळते. नव्या पद्धतींनी ही धूसरता बरीच कमी केली आहे, पण स्वस्तात बनवलेल्या जाहिरातींत ती अजूनही भेटते. मिशी असलेल्या पुरुषाच्या बाबतीत तर वरच्या ओठाच्या कडेशी केसांचे टोक आणि ओठ यांच्यामधली रेषा चौकटीगणिक बदलताना दिसते.

आता ओठांकडे सविस्तर पाहू, कारण मराठी बोलणाऱ्याला यातले बरेच काही शाळेच्या व्याकरणातून आधीच माहीत असते. प, फ, ब, भ, म हे ओष्ठ्य वर्ण आहेत; दोन्ही ओठ मिटल्याशिवाय प, ब, भ किंवा म उच्चारताच येत नाही. अमेरिकेतील बर्कली विद्यापीठाचे संशोधक श्रुती अगरवाल आणि हनी फरीद यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठातील सहकाऱ्यांसह 2020 मध्ये नेमक्या याच गोष्टीवर शोधपद्धत उभी केली: म, ब, प ऐकू येताना ओठ मिटलेले आहेत की नाहीत, हे तपासायचे. इंग्रजीसाठी त्यांनी जे केले ते मराठीत अधिक सोपे जाते, कारण आपल्याकडे अनुस्वारामुळे काही ठिकाणी ओठ मिटण्याचा काळ वाढतो. "मुंबई", "कंपनी", "आंबा" या शब्दांत अनुस्वाराचा उच्चार पुढच्या ओष्ठ्य वर्णामुळे म् होतो, म्हणजे ओठ अधिक काळ मिटलेले राहतात. एक सावधगिरी हवी: फ हा वर्ण पुष्कळ मराठी भाषक, विशेषतः "फक्त", "फार" अशा शब्दांत, ओठ पूर्ण न मिटता उच्चारतात, म्हणून फ पुराव्यासाठी धरू नये. व देखील धरू नये. त्यात खालचा ओठ फक्त वरच्या दातांजवळ जातो.

एक उदाहरण जवळून पाहू. मध्यंतरी माझ्याकडे एका डॉक्टरांची चित्रफीत तपासायला आली होती, ज्यात ते एका तेलाची शिफारस करताना दिसत होते. वाक्य होते, "गुडघेदुखीपासून पूर्ण मुक्ती मिळेल, फक्त पंधरा दिवसांत." व्हिडिओ सेकंदाला 25 चौकटींचा होता, म्हणजे एक चौकट 40 मिलिसेकंदांची. प किंवा म उच्चारताना ओठ सर्वसाधारणपणे दोन ते तीन चौकटी मिटलेले दिसायला हवेत. मी एफएफएमपेग हे व्हिडिओ हाताळण्याचे सॉफ्टवेअर वापरून सर्व चौकटी सुट्या केल्या, आवाजाची लहर ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली आणि प्रत्येक ओष्ठ्य वर्णाची वेळ लहरीवरून ठरवली. "पासून"मधल्या प-पूर्वी लहर क्षणभर सपाट होते, कारण ओठांमागे हवा अडलेली असते. "मुक्ती"मधल्या म-च्या वेळी लहर सपाट होत नाही, कारण नाकातून गुंजारव चालू असतो. पण तेवढा सगळा वेळ ओठ मिटलेलेच हवेत. या चित्रफितीत "पासून"ला ओठ मिटले होते, "मिळेल"लाही मिटले होते. "मुक्ती"च्या म-ला मात्र संपूर्ण गुंजारवभर ओठांमध्ये काळी फट होती, आणि "पंधरा"च्या प-ला वरचे दात दिसत होते. चालू व्हिडिओ पाहताना हे डोळ्यांना जाणवत नव्हते. सुट्या चौकटींत ते स्पष्ट होते.

त्याहून महत्त्वाची खूण "पूर्ण" या शब्दात होती. ओठ मिटले होते, पण चपटे मिटले होते. खरा माणूस "पूर्ण" म्हणताना प-साठी ओठ मिटतो तेव्हाच पुढच्या ऊ-ची तयारी म्हणून ते किंचित पुढे काढून गोल करतो. "पासून"मधला मिटलेला ओठ आणि "पूर्ण"मधला मिटलेला ओठ यांचा आकार त्यामुळे वेगळा असतो. आरशासमोर हे दोन शब्द हळू म्हणून पाहिले तर लगेच कळेल. "पासून"मध्येही ऊ येण्याआधी स उच्चारतानाच ओठ गोल व्हायला लागतात. पुढच्या स्वराची ही आगाऊ चाहूल मेंदू आपोआप देतो. यंत्र बहुतेक वेळा प्रत्येक ध्वनीला साधारण योग्य आकार देते, पण पुढच्या ध्वनीची तयारी मागच्या ध्वनीत किती मिसळावी हे त्याला तितकेसे साधत नाही, आणि ज्या भाषेतला आवाज त्याला शिकताना फारसा मिळालेला नाही त्या भाषेत तर आणखी कमी साधते. तपासणीला बसणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो की ओठ मिटले की नाही एवढ्यावर थांबू नका, ते कोणत्या आकारात मिटले ते पाहा.

जीभ आणि दातही असेच पाहावेत. त, थ, द, ल यांच्या वेळी जिभेचे टोक दातांपाशी किंवा त्यांच्या मागे दिसू शकते, तर ळ-च्या वेळी जीभ मागे वळते आणि तोंड पुरेसे उघडे असेल तर तिचा खालचा भाग दिसतो. बनावट तोंडात जीभ बहुधा एक गुलाबी डाग असते आणि दात एक पांढरी पट्टी. दातांमधल्या रेषा एका चौकटीत असतात आणि दुसऱ्या चौकटीत नसतात.

एखाद्या ठिकाणी ओठ आणि आवाज जुळले नाहीत म्हणजे व्हिडिओ बनावट, असे मात्र नाही. व्हॉट्सॲप व्हिडिओ आकसवते, आणि आकसवताना बहुतेक चौकटी पूर्ण न ठेवता आधीच्या चौकटीपेक्षा काय बदलले तेवढेच ठेवते. तेवढ्या छोट्या बदलात ओठांची झटपट मिटणी पुसली जाऊ शकते. शिवाय प्रक्षेपणातच आवाज आणि चित्र मागेपुढे होतात. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या शिफारशीनुसार आवाज चित्राच्या सुमारे 45 मिलिसेकंद पुढे किंवा 125 मिलिसेकंद मागे गेला की तो फरक प्रेक्षकाला जाणवू लागतो. म्हणून मी आधी संपूर्ण व्हिडिओतली तफावत मोजतो. ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखीच असेल, तर तो साधा तांत्रिक सरक आहे. आवाज तेवढा सरकवला की सगळे जुळते. ती एका शब्दाला शून्य, पुढच्याला जास्त, नंतर पुन्हा शून्य अशी असेल आणि आवाज कितीही सरकवून जुळत नसेल, तर ती गंभीर खूण आहे.

ओठ बदललेल्या व्हिडिओत चेहऱ्याचा वरचा अर्धा भाग वेगळ्याच वाक्याला साथ देत असतो, आणि मला वाटते सामान्य प्रेक्षकालाही हे शिकता येते. आपण एखाद्या शब्दावर जोर देतो तेव्हा भुवया वर जातात, मान हलते, हाताचा ठोका त्याच शब्दावर पडतो. वाक्य संपल्यावर श्वास घेतो तेव्हा खांदे किंचित उचलले जातात आणि बोलणे सुरू होण्याआधी ओठ विलग होतात. त्या डॉक्टरांच्या चित्रफितीत "पूर्ण" या शब्दावर आवाजाचा सगळा भर होता, पण भुवया आणि हात तेव्हा स्थिर होते. ते हलले "दिवसांत" या शब्दावर, जेथे आवाज उतरत होता. दोनदा असे झाले की खांदे श्वासासाठी उचलले गेले आणि आवाज मात्र अखंड चालू राहिला. पुढे मूळ मुलाखत सापडली. सदरा, मागचे कपाट, हातांच्या हालचाली सगळे तेच होते. दोन्ही चित्रफिती चौकटीला चौकट लावून पाहिल्या, तेव्हा डोळे, भुवया आणि हात तंतोतंत जुळले. फरक फक्त नाकाखाली होता. याहून भक्कम पुरावा या कामात मिळत नाही, आणि म्हणून मूळ व्हिडिओ शोधण्याला मी चेहरा न्याहाळण्याइतकाच वेळ देतो. स्पष्ट चौकटी काढून गूगल लेन्सवर टाकल्या, किंवा पत्रकार वापरतात त्या इनव्हिडसारख्या साधनाने शोध घेतला, तर सार्वजनिक व्यक्तींच्या बाबतीत मूळ चित्रण बऱ्याचदा मिळते.

चेहऱ्याच्या भागांमधल्या या संगतीचा शास्त्रीय अभ्यास जुना आहे. पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीसन यांनी 1978 मध्ये चेहऱ्याच्या स्नायूंच्या हालचालींना क्रमांक देणारी पद्धत मांडली. त्यात सहावा क्रमांक गाल वर उचलून डोळ्यांभोवती सुरकुत्या आणणाऱ्या हालचालीचा आणि बारावा ओठांचे कोपरे वर ओढणाऱ्या हालचालीचा. मनापासूनच्या हसण्यात सहसा दोन्ही एकत्र येतात. 2019 मध्ये अगरवाल, फरीद आणि सहकाऱ्यांनी याच क्रमांकांचा उपयोग मोठ्या नेत्यांच्या संरक्षणासाठी केला. त्यांनी चेहऱ्याची आणि डोक्याची 20 वैशिष्ट्ये घेतली, प्रत्येक दोहोंमधला संबंध मोजला आणि अशा 190 संबंधांवरून एका माणसाची बोलण्याची लकब रेखाटली. बराक ओबामा यांच्यासाठी जी रेखाटली गेली ती नक्कल करणाऱ्या कलाकारापेक्षा वेगळी येत होती. चेहरा बदलण्याच्या प्रकारात हेच खरे हत्यार आहे: हालचाल नैसर्गिक असली तरी ती या माणसाची आहे का, हा प्रश्न विचारता येतो. अडचण अशी की त्यासाठी त्या व्यक्तीचे तासन्‌तास खरे चित्रण हाती हवे, आणि ते मंत्र्यांचे मिळते, तुमच्याआमच्या नातेवाइकांचे नाही.

तिसरा प्रकार एका छायाचित्राला बोलते करण्याचा किंवा संपूर्ण दृश्यच यंत्राकडून तयार करून घेण्याचा. येथे डोके आणि धड यांचे नाते पाहावे. मार्च 2022 मध्ये युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्की सैनिकांना शस्त्रे खाली ठेवायला सांगत असल्याचा जो बनावट व्हिडिओ आला, त्यात डोके धडाच्या मानाने मोठे होते आणि शरीर जवळपास निश्चल होते. मान वळली की गळ्याच्या दोन्ही बाजूंचे स्नायू ताणले जातात, कॉलर सरकते. जबडा उघडला की कानाजवळचा भाग किंचित हलतो. कानाच्या या हालचालीवरही 2021 मध्ये एक शोधपद्धत मांडली गेली आहे. नजरेचेही एक लक्षण आहे: माणूस एका ठिकाणी पाहत असताना डोके हलवतो तेव्हा बुबुळे उलट दिशेला सरकून नजर स्थिर ठेवतात. जिवंत केलेल्या छायाचित्रांत पुष्कळदा नजर डोक्याबरोबरच फिरते.

पापण्यांबद्दल लोक सर्वाधिक विचारतात आणि त्यावर मी सर्वांत कमी विसंबतो. माणूस मिनिटाला साधारण 15 ते 20 वेळा पापण्या लववतो, बोलताना अधिक आणि वाचताना कमी. 2018 मध्ये न्यूयॉर्क राज्यातील ऑल्बनी विद्यापीठात सिवेई ल्यू आणि सहकाऱ्यांनी दाखवले की तेव्हाच्या डीपफेकांत पापण्या फारशा लवत नाहीत, कारण यंत्राला शिकवायला वापरलेल्या छायाचित्रांत बहुतेकांचे डोळे उघडे असत. तो निष्कर्ष जगभर पसरला, आणि काही आठवड्यांतच पापण्या लववणारे डीपफेक येऊ लागले. आजही "पापण्या बघा" हा सल्ला फिरत असतो. तो कालबाह्य आहे आणि धोकादायकही, कारण पापण्या लवताना दिसल्या की माणूस निर्धास्त होतो. पाहायचेच असेल तर संख्या न मोजता वेळ पाहावी: खरी लवणी बहुधा वाक्याच्या विरामाला किंवा नजर एका जागेवरून दुसरीकडे जाताना येते, मिटणे झटकन होते आणि उघडणे त्यामानाने सावकाश. नाडीच्या ठोक्यांचेही असेच झाले. चेहऱ्याच्या रंगात प्रत्येक ठोक्याला होणारा सूक्ष्म बदल मोजणारे साधन इंटेलने 2022 मध्ये जाहीर केले. 2025 मध्ये जर्मनीतील संशोधकांनी दाखवले की मूळ व्हिडिओतले ठोके डीपफेकमध्येही उतरू शकतात.

स्वयंचलित साधनांविषयीही प्रामाणिकपणे सांगायला हवे. फेसबुकने 2019-20 मध्ये डीपफेक ओळखण्याची जी जागतिक स्पर्धा घेतली, त्यात दोन हजारांहून अधिक स्पर्धक होते. सर्वांना खुल्या असलेल्या व्हिडिओंच्या संचावर सर्वोत्तम अचूकता 82 टक्क्यांच्या पुढे गेली, पण न पाहिलेल्या संचावर विजेत्या प्रणालीची अचूकता सुमारे 65 टक्केच राहिली. एखाद्या संकेतस्थळाने "92 टक्के बनावट" असा आकडा दिला, तर तो त्या साधनाच्या स्वतःच्या प्रशिक्षणापुरता असतो. मी तो आकडा कोठे पाहायचे याची दिशा म्हणून वापरतो, अहवालात निष्कर्ष म्हणून लिहीत नाही.

आता उलट बाजू, जिची मला खरी काळजी वाटते. खरा चेहराही अनैसर्गिक हलू शकतो. चेहऱ्याच्या एका बाजूचा लकवा असेल तर हसताना एकच कोपरा वर जातो. पार्किन्सनच्या रुग्णाचा चेहरा स्थिर राहतो आणि पापण्या कमी लवतात. बोटॉक्स घेतलेल्याच्या भुवया उचलल्या जात नाहीत. फोनमधले सौंदर्यवर्धक फिल्टर त्वचा गुळगुळीत करतात आणि जबड्याची कड थरथरवतात. मध्य आफ्रिकेतील गॅबॉन देशात याचे गंभीर परिणाम झाले. तेथील अध्यक्ष अली बोंगो ऑक्टोबर 2018 मध्ये परदेशात आजारी पडले आणि काही महिने फारसे दिसलेच नाहीत. नववर्षाच्या संदेशाचा त्यांचा व्हिडिओ आला, तेव्हा त्यातला ताठर चेहरा आणि कमी लवणाऱ्या पापण्या पाहून तो डीपफेक असल्याची चर्चा सुरू झाली. 7 जानेवारी 2019 रोजी काही सैनिकांनी त्या भाषणावरूनच अध्यक्षांच्या क्षमतेबद्दल शंका घेत बंडाचा प्रयत्न केला, तो फसला. नंतरच्या तांत्रिक तपासणीत बनावटीचा पुरावा सापडला नाही. बोंगो यांना पक्षाघाताचा झटका येऊन गेलेला होता. चेहऱ्यावर जे दिसत होते ते आजाराचे होते. म्हणून माझ्या तपासणीत एक पायरी ठरलेली असते: त्या व्यक्तीचे त्याच सुमाराचे, निर्विवाद खरे चित्रण मिळवायचे आणि तेच लक्षण त्यातही आहे का ते पाहायचे. दोन्हीकडे असेल, तर ते लक्षण बाद.

घरी बसून तपासायचे असेल तर व्हिडिओ व्हीएलसी प्लेअरमध्ये उघडून ई हे अक्षर दाबत एकेक चौकट पुढे न्यावी. प, ब, म असलेले चार-पाच शब्द निवडावेत, आवाज बंद करून एकदा फक्त भुवया आणि हात पाहावेत, मग चित्र न पाहता फक्त आवाज ऐकावा आणि जोर कोठे पडतो ते लिहून काढावे. दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्या की विसंगती असेल तर दिसते. पाठवणाऱ्याकडे व्हिडिओ डॉक्युमेंट म्हणून मागावा, म्हणजे आणखी एकदा आकसवला जात नाही.

थेट व्हिडिओ कॉलवर एवढा वेळ नसतो. समोरच्याला मान पूर्ण बाजूला वळवायला किंवा चेहऱ्यावरून हात फिरवायला सांगण्याचा उपाय अजूनही काही वेळा चालतो, पण नव्या पद्धती त्यालाही सरावत आहेत. 2024 च्या सुरुवातीला हाँगकाँगमध्ये ॲरप या अभियांत्रिकी कंपनीच्या एका कर्मचाऱ्याने व्हिडिओ बैठकीतल्या "वरिष्ठां"च्या सांगण्यावरून सुमारे 20 कोटी हाँगकाँग डॉलर पाठवले. बैठकीतले बाकी सगळे चेहरे बनावट होते आणि पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे ते आधी तयार केलेले चित्रण होते. पैशाचा प्रश्न असेल तेव्हा चेहरा तपासत बसू नये, कॉल बंद करून आपल्याकडे आधीपासून असलेल्या क्रमांकावर स्वतः फोन करावा.

तक्रार करायची असेल, तर व्हिडिओ कापू किंवा स्क्रीन रेकॉर्ड करून ठेवू नये. मिळालेली फाइल तशीच जपावी, दुवा, खात्याचे नाव आणि वेळ टिपून ठेवावी. आर्थिक फसवणूक झाली असल्यास 1930 या क्रमांकावर तत्काळ कळवावे, एरवी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी. जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायच्या प्रमाणपत्रात फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे फाइलमधल्या माहितीवरून गणिताने काढलेली तिची ओळखखूण, नमूद करावे लागते. फाइल एका बिटनेही बदलली तर ते मूल्य बदलते, म्हणून ते लवकरात लवकर काढून ठेवलेले बरे. तज्ज्ञाचा अहवाल घ्याल तेव्हा त्यात "व्हिडिओ बनावट आहे" एवढे एकच वाक्य असेल तर तो परत पाठवा. कोणत्या सेकंदाला, कोणत्या अक्षराला, चेहऱ्याच्या कोणत्या भागात काय जुळले नाही आणि त्याची दुसरी कोणती साधी कारणे तपासून बाजूला ठेवली, हे त्यात चौकटींसह लिहिलेले असले पाहिजे.